चाळीस सोनेरी गोळे

वन्संना कामावर ठेवायचं की काढायचं, हे त्या संध्याकाळी आकाशात ठरणार होतं, आणि आम्हाला बसच मिळत नव्हती.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आम्ही दोघी आतषबाजीच्या कारखान्यात एकाच शेडमध्ये. मी कागदाच्या पट्ट्या कापते, वन्सं त्या गोळ्यांवर चिकटवतात. गोळा म्हणजे जाड कागदाच्या दोन वाट्या. आत रंगाच्या गोळ्या रचायच्या, मधोमध फोडणारी दारू भरायची, एक वाटी दुसरीवर पालथी घालायची आणि वरून खळ लावलेल्या पट्ट्यांचे थर द्यायचे. थर सगळीकडून सारखे आणि आतपर्यंत वाळलेले असले तर गोळा वर जाऊन गोल उमलतो. नसले तर जोडावर फाटतो आणि आकाशात फुटक्या अंड्यासारखा पसरतो. वाईटात वाईट म्हणजे वर जायच्या आधीच फुटतो.

एकवीस वर्षं वन्सं हेच करतात. शेडमध्ये त्यांना 'काटा' म्हणतात, कारण गोळा तळहातावर तोलून त्या दहा ग्रॅमचा फरक सांगतात. तोंडावर कुणी म्हणत नाही. मुकादम म्हणतो, तोही पाठ फिरल्यावर.

भांडण खळीवरून झालं. आमच्याकडे खळ पिठाची शिजवतात, पाऊण तास ढवळून. त्या खळीनं चिकटवलेला गोळा वाळायला तीन दिवस लागतात. दोन महिन्यांपूर्वी मुकादमानं पोत्यातली तयार भुकटी आणली. पाण्यात कालवली की झाली खळ, आणि एका रात्रीत गोळा खडखडीत. वन्संनी दुसऱ्याच दिवशी एक रिकामा गोळा चिकटवून, वाळवून, सगळ्यांदेखत कापून दाखवला. वरचे थर कोरडे, आतले ओले. मुकादम म्हणाला, आत बघायला कोण जातंय. सुट्टीच्या आतषबाजीचं काम अंगावर आलेलं होतं आणि साहेबाला तारीख दिलेली होती, ती काय वन्संनी दिली होती?

बाकीच्यांनी भुकटी वापरली, कारण बाकीच्यांना घरदार आहे. वन्संनाही आहे, पण त्यांचा स्वभाव असा की आधी तोंडातून निघतं आणि मग भीती वाटते. त्यांच्या वाट्याला सोनेरी गोळे आले होते, चाळीस. ते सगळे त्यांनी शिजवलेल्या खळीनं चिकटवले आणि तीन दिवस म्हणजे तीन दिवस वाळवले. मुकादमानं मॅनेजरला लिहून दिलं की ही बाई ऐकत नाही, काम रखडवते, आणि हिचे थर इतके जाड झालेत की माल धड फुटणार नाही.

मॅनेजर भला माणूस. भला म्हणजे कुणाचंच काही न करणारा. त्यानं निकाल दिला की फुटतात कसे ते बघू. मुकादम आतषबाजीला जाणारच आहे, तो बघेल, अहवाल देईल, आणि सोनेरी बिघडले तर काट्याला घरी पाठवू. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय.

म्हणून आम्हाला जायचं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि नवऱ्याच्या फोनमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत भरून आणायचं, म्हणजे मुकादमानं काहीही लिहिलं तरी मॅनेजरपुढे फोन ठेवता येईल. घरात धड कॅमेऱ्याचा तेवढाच एक फोन. नवरा म्हणाला, गर्दीत कशाला मरायला जाता, टीव्हीवर दाखवतातच की. मी म्हटलं, टीव्हीवर पाहुण्यांची थोबाडं दाखवतात, मध्ये मध्ये आकाश. त्यानं फोन दिला, पण असा दिला की जणू किडनी काढून देतोय.

एकवीस वर्षांत वन्संनी आपला एकही गोळा फुटताना पाहिला नव्हता. मीही नाही. सुट्टीच्या आदल्या दिवसापर्यंत आम्ही इतक्या राबलेल्या असतो की सुट्टीला झोपतो.

दोन बस भरून न थांबता गेल्या. तिसरी थांबली ती उतरणाऱ्यांसाठी, आणि वन्संनी उतरणाऱ्याच्या बगलेतून डोकं आत घातलं. मी मागून त्यांचा पदर धरून. लोकांनी चटया आणल्या होत्या, घडीच्या खुर्च्या, पाण्याचे कॅन, एकानं तर शिडी. कंडक्टर ओरडत होता की आत सरका, फटाके दारात फुटणार नाहीत. शिडीवाला माझ्या पायावर उभा होता आणि शेजारच्याला समजावून सांगत होता की हल्ली हे सगळं मशीनवर होतं, माणसाचा हातसुद्धा लागत नाही, कॉम्प्युटरनं बटण दाबलं की झालं.

वन्संनी दांडीवरचा हात काढून त्याच्या नाकासमोर धरला. नखांच्या कडेला वर्षानुवर्षांची पांढरी खळ बसलेली, घासून न जाणारी.

"मशीनला नखं असतात का हो?" त्यांनी विचारलं.

त्याला काही कळलं नाही. त्यानं पाय मात्र काढला.

बस मेट्रोच्या स्टेशनापर्यंतच होती, पुढचे रस्ते बंद. तिथं आम्ही जायचं-यायचं तिकीट काढलं. छापील कागदाचा चौकोन. त्या दिवशी गर्दीमुळे स्टेशनच्या तोंडाशीच तपासणी लावली होती. टेबल, टेबलावर प्लास्टिकचे ट्रे, पलीकडे चौकट, चौकटीपाशी निळ्या कपड्यातली तपासनीस बाई. सामान ट्रेमध्ये ठेवा, पुढे चला, असं ती सकाळपासून म्हणत असावी, आवाज बसला होता.

इथं आमच्या गेटची पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही आम्हाला खुळ्यात काढाल. कारखान्यात धातू आत नेत नाहीत. ठिणगी पडली तर शेड जाते, माणसांसकट. म्हणून रोज सकाळी गेटवर एका ट्रेमध्ये सगळं काढून ठेवायचं. फोन, किल्ल्या, पर्स, कानातलं, केसातल्या पिना, पदराची सेफ्टी पिन. पहारेकरी बदल्यात पुठ्ठ्याचा नंबर देतो. तो मुठीत धरायचा, रिकाम्या अंगानं चौकटीतून जायचं आणि मागे वळून बघायचं नाही, कारण मागे रांग असते. संध्याकाळी पुठ्ठा दिला की ट्रे परत. वन्संनी हे एकवीस वर्षं केलंय, मी तेरा.

वन्संनी ट्रेमध्ये पर्स ठेवली. किल्ल्या ठेवल्या. कानातल्या रिंगा काढल्या. मग एकेक करून केसांतल्या पिना. तपासनीस बाई म्हणाली, अहो ते राहू द्या. आम्हाला ऐकू आलं, पण आमच्या हातांना आलं नाही. मीही माझी पर्स, नवऱ्याचा फोन, पिना, सगळं ठेवलं. मुठीत पुठ्ठ्यासारखं तिकीट होतंच. चौकटीतून गेलो, काही वाजलं नाही. वन्सं समाधानानं म्हणाल्यासुद्धा, बघ, कसं पटकन झालं. आणि आम्ही जिना उतरून गाडीत बसलो. बसलो म्हणजे उभ्या राहिलो, कुणाच्या तरी कोपरावर टेकून.

तीन स्टेशनं गेल्यावर माझे केस सुटून तोंडावर आले. मी पिन चाचपली. पिन नव्हती. पर्स चाचपली. पर्सही नव्हती. वन्संकडे पाहिलं तर त्याही मोकळ्या केसांनी उभ्या, अंगात आल्यासारख्या, आणि माझ्याकडे बघत होत्या. आम्ही दोघींनी एकदमच आपापली मूठ उघडली. दोन तिकिटं.

मला रडू आलं आणि हसूही. मी म्हटलं, पुढच्या स्टेशनला उतरू, मागे जाऊ, फोन घेऊ. वन्संनी शेजारच्या माणसाला वेळ विचारली. सात वाजायला दहा मिनिटं होती. आतषबाजी साडेसातला. मागे जाऊन पुन्हा या गर्दीत घुसून येईपर्यंत आठ वाजले असते.

मी म्हटलं, "फोनच नसेल तर जाऊन करायचं काय? आपल्या डोळ्यांचं कोण ऐकणार?"

"फोन उद्याही मिळेल. गोळे उद्या फुटणार नाहीत," वन्सं म्हणाल्या. "मला निदान कळू दे माझं चुकलंय का. मग काढू देत."

मला वाटत होतं, चुकलंय का हा प्रश्नच नाही, मुकादमाला हरवायचंय. त्यांना आधी ते कळायला हवं होतं.

उतरायच्या स्टेशनवर चारातली तीन दारं बंद ठेवली होती. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. एका जिन्यावर हजार माणसं, वर दोरी, दोरीमागे पोलीस, आणि दर पाच मिनिटांनी शंभरेक माणसं सोडायची. मेंढरं मोजतात तसं. माझ्या मागचा एक जण म्हणत होता, आम्ही दरवर्षी येतो, मजा असते. मजा. त्याचा गुडघा माझ्या पाठीत होता. वन्संनी मात्र जिन्यावरच्या वाऱ्याचा वास घेतला आणि म्हणाल्या, हवा कोरडी आहे, धूर थांबणार नाही, स्वच्छ दिसेल.

नदीकाठी पोचलो तेव्हा साडेसातला पाच कमी. पाण्याच्या पलीकडे गोळे उडवायच्या नळ्यांच्या रांगा लावल्या होत्या. आम्ही एवढ्या लांबूनही त्या ओळखल्या, बाकी कुणी तिकडे बघतही नव्हतं. अलीकडे पुढच्या बाजूला दोरी लावून खुर्च्या मांडल्या होत्या, पासवाल्यांसाठी. दुसऱ्या रांगेत आमचा मुकादम. गळ्यात पास, हातात खायची पुडी. आकाशाकडे नव्हे, शेजारच्या कंत्राटदाराकडे वळून बसलेला. वन्संचं भवितव्य बघायला नेमलेला माणूस तो हाच.

आम्हाला कठड्याजवळ दीड माणसाची जागा मिळाली. शेजारी पोस्टातल्या गणवेशात एक बाई उभी होती. तिनं फोन एका काठीला लावून काठी कठड्याला बांधून टाकली होती, पलीकडच्या काठावर नेम धरून. तिची आई अंथरुणाला खिळलेली. आईनं बजावलं होतं की मध्ये मध्ये तुझं तोंड दाखवू नकोस, सुरुवातीपासून शेवटापर्यंत नुसतं आकाश आण. म्हणून ही फोनला हातसुद्धा लावणार नव्हती. मी आणि वन्संनी एकमेकींकडे बघितलं, पण तेवढ्यात पहिला आवाजाचा गोळा फुटला.

लोकांनी माना वर केल्या आणि आरोळी ठोकली. आम्ही दोघी जमिनीवर. गुडघे पोटाशी, कानांवर हात, तोंड उघडं. कारखान्यात हेच शिकवलंय. स्फोट झाला की खाली बसा, तोंड उघडं ठेवा म्हणजे कानाचे पडदे वाचतात. आजूबाजूचे हसले. पोस्टवाली नाही हसली. तिनं मला दंडाला धरून उठवलं आणि विचारलं, कुठं काम करता? मी सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे हे तुमचं? मी म्हटलं, सोनेरी निघाले की ते यांचे, आणि वन्संकडे बोट दाखवलं.

आधी चंदेरी निघाले. भुकटीवाले. पहिला बरा, दुसरा चपटा, तिसऱ्याची एक बाजू फुटलीच नाही. लोकांनी तिन्हींना सारख्याच टाळ्या दिल्या. लोक उजेडाला टाळ्या देतात, त्यांना आकाराशी काय. वन्सं पुटपुटत होत्या, ओला, ओला, हाही ओला. सातवा का आठवा चंदेरी नळीतून बाहेर पडल्या पडल्या फुटला, पलीकडच्या झाडांच्याही खाली. ठिणग्या पाण्यावरून सरकत खुर्च्यांच्या दोरीपर्यंत आल्या. पुढच्या रांगेतली माणसं मागे झाली आणि मग सगळ्यांनी आणखी मोठ्यानं टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं, हा खास बेत आहे. वन्संनी माझं मनगट धरलं होतं, ते नंतर दोन दिवस काळंनिळं होतं. वारा इकडचा असता तर काय झालं असतं, हे त्या गर्दीत फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. मुकादमालाही माहीत असायला हवं होतं. त्यानं पुडी झटकली.

मग सोनेरी.

खालून ठुप्प असा आवाज यायचा आणि वन्सं मोजायच्या. एक, दोन, तीन, चार. चारला उमलला. एका बिंदूतून चहूकडे सारखा, ताटासारखा गोल, आणि मग सोनं हळूहळू खाली ओघळत आलं, पाण्याला टेकेपर्यंत विझलं नाही. गर्दी पहिल्यांदाच गप्प झाली. मला वाटलं वन्सं रडतील, पण त्यांचं लक्ष मोजण्यात होतं. मी बोटांवर धरत गेले. दहा. पंधरा. एकवीस. बाविसावा वाकडा उमलला, एका बाजूला पोट सुटलेला.

"तो माझा," वन्सं म्हणाल्या.

"सगळेच तुमचे आहेत."

"तोही माझा, असं म्हणतेय."

त्या गोळ्याच्या पट्ट्या मी वाकड्या कापल्या असतील. गठ्ठ्याच्या कडेच्या पट्ट्या कधी कधी आखूड येतात, आणि मी त्या टाकून न देता सरकवते. तिथं मी हे बोलले नाही. आत्ता सांगते. बाकीचे सगळे गोल. चाळीसपैकी एकोणचाळीस.

संपल्यावर पोस्टवालीनं फोन काढला. सगळं त्यात होतं, न हलता, न तुटता. सोनेरी, चंदेरी आणि तो खाली फुटलेला. तिला सगळी हकिगत सांगितली. ती म्हणाली, पाठवते की, नंबर सांगा. इथं आमचं घोडं अडलं. नंबर कुणाचा सांगायचा? नवऱ्याचा नंबर त्याच्याच फोनमध्ये बघायचा, आणि तो फोन ट्रेमध्ये. बाकीचे नंबर त्या फोनच्या पोटात. पाठ कुणाला असतात हल्ली?

एक नंबर पाठ होता. आमच्या प्रत्येक शेडच्या प्रत्येक भिंतीवर तो लाल रंगात लिहिलेला आहे. आग, स्फोट, इजा: ताबडतोब कळवा. सुरक्षा अधिकाऱ्याचा नंबर. दर सोमवारी आम्हाला रांगेत उभं करून तो पाढ्यासारखा म्हणून घेतात. त्यावर आलेल्या प्रत्येक फोनची चौकशी करावीच लागते, मॅनेजरलाही ती अडवता येत नाही. आणि दुसराही नियम आहे, तोही भिंतीवरच, त्याच लाल रंगात: विनाकारण फोन करणाऱ्यास कामावरून काढण्यात येईल.

मी म्हटलं, नको. एकोणचाळीस गोल झालेत, हिचा नंबर कागदावर घेऊ, आपला फोन मिळाल्यावर मागवू, मॅनेजरला दाखवू, तुमचं काम राहील. वन्सं पलीकडच्या झाडांकडे बघत होत्या. म्हणाल्या, माझं राहील. पण दोनशे चंदेरी अजून शेडमध्ये आहेत, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावच्या गर्दीत जातील. मॅनेजर म्हणेल, बघू. तो बघेपर्यंत ते फुटलेले असतील.

मग त्यांनी पोस्टवालीला नंबर सांगितला. एकेक आकडा, सोमवारच्या चालीत.

गर्दीमुळे ते जाईना. अर्ध्यावर येऊन चाक नुसतं फिरत राहायचं. पोस्टवालीला उलट्या दिशेला जायचं होतं, पण ती आमच्याबरोबर पुलाच्या टोकापर्यंत चालत आली. मी म्हटलं, तुमची आई वाट बघत असेल. ती म्हणाली, पोचल्याशिवाय हलायचं नाही अशी आमच्यात पद्धत आहे, तुमच्यात पिना काढायची आहे तशी. पुलाच्या टोकाला ते गेलं. दोन मिनिटं झाली नसतील, फोन वाजला. तिनं ऐकलं आणि घाबरून वन्संच्या हातात दिला.

सुरक्षा अधिकारी धापा टाकत होता. कुठली शेड, किती माणसं आत आहेत, अग्निशमनला कळवलं का, एका दमात. त्याला वाटलं, कारखाना पेटला. त्या नंबरावर फोटो, व्हिडिओ कधी कुणी पाठवलेच नव्हते.

वन्सं म्हणाल्या, "आग कुठंच नाही साहेब. मी पट्ट्या चिकटवणारी, तीन नंबर शेड. पाठवलंय ते बघा. चंदेरी गोळे ओले आहेत. एक खालीच फुटला. तसले दोनशे शेडमध्ये आहेत."

मग त्यानं विचारलं की तू ती काटा का, जिच्याविरुद्ध तक्रार आहे? म्हणजे बातमी तिथपर्यंत होती. मग म्हणाला, तुझ्या सोनेरींचं काय झालं?

"एकोणचाळीस गोल, एक वाकडा. वाकडाही माझाच."

तो बहुतेक पाठवलेलं बघत होता. आम्ही तिघी पुलाच्या टोकाशी उभ्या, बाजूनं माणसांचा लोंढा घरी चाललेला. शेवटी तो म्हणाला, उद्याही सुट्टी असली तरी सकाळी आठला गेटवर ये. मुकादमालाही बोलावतो. आणि नियम माहीत आहेत ना, यात तथ्य नसेल तर तुझं काय होणार ते? वन्संनी सांगितलं, माहीत आहे, वाचता येतं.

परत जाताना पहिल्या स्टेशनवर आमचे दोन ट्रे तपासनीस बाईनं टेबलाखाली जपून ठेवले होते. तिची पाळी संपली होती तरी ती थांबली होती. तिला बघायचं होतं की स्वतःच्या कानातलं काढून ठेवून निघून जाणाऱ्या या बायका आहेत तरी कोण. वन्संनी सवयीनं तिच्यापुढे तिकीट धरलं. तिनं ते उलटंसुलटं करून परत दिलं. नवऱ्याच्या फोनवर त्याच्या मित्राचे अकरा फोन येऊन गेले होते. नवराच त्याच्याकडे जाऊन करत होता. बारावा आला तो मी उचलून सांगितलं की किडनी सुखरूप आहे.

सकाळी आठला गेटवर मुकादम आमच्या आधीच हजर. एरवी तो बाजूच्या दारानं जातो, तपासणी न करता, खिशात लायटर घेऊन. अधिकाऱ्यानं त्याला रांगेत आमच्या पुढं उभं केलं आणि ट्रे दाखवला. लायटर निघाला, फोन निघाला, कालचा पास निघाला. पहारेकऱ्यानं त्याला पुठ्ठ्याचा नंबर दिला तेव्हा तो कुठं धरायचा हेही त्याला कळेना.

शेडमध्ये चंदेरी गोळे फळ्यांवर ओळीनं होते. अधिकाऱ्यानं एक उचलला, बोटानं वाजवला. वाळलेला गोळा लाकडासारखा वाजतो. हा वाजला नाही. मग त्यानं जोडावर अंगठा ठेवून दाबलं. वरचा कागद कडकड मोडला आणि अंगठा अर्ध्या नखापर्यंत आत गेला. त्यानं अंगठा बाहेर काढून मुकादमाला दाखवला. पांढरी, ओली खळ.

मुकादम म्हणाला, दमट हवा होती. वन्संनी काल जिन्यावर वास घेऊन सांगितलेलं मला आठवलं. हवा कोरडी होती. मी बोलणार होते, पण गरज पडली नाही. अधिकाऱ्यानं सगळ्या फळ्यांना दोरी लावायला सांगितली आणि भुकटीचं पोतं उचलून गेटबाहेर न्यायला लावलं, मुकादमाला, स्वतःच्या खांद्यावर. वन्संवरच्या तक्रारीचा कागद त्यानं मॅनेजरकडून मागवून घेतला होता. तो घडी करून स्वतःच्या फाइलमध्ये ठेवला आणि म्हणाला, हा आता माझ्याकडे राहील, याच्यावर पुढे काही होणार नाही. मग हे दोनशे गोळे नव्यानं कसे भरून काढायचे या विचारानं त्यानं वन्संना विचारलं की तुमची ती खळ शिजायला किती वेळ लागतो.

"पाऊण तास," वन्सं म्हणाल्या. "आणि वाळायला तीन दिवस. ते तीन दिवस माझ्याकडून कुणी मागायचे नाहीत."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, पट्ट्या काप. आणि कडेच्या आखूड निघतात, त्या टाकून दे.